शेऱ्याचा रकाना

चौसाळ्यात हायवेला लागून धोंडप्पांचं पाईप आणि मोटारींचं दुकान आहे. त्या दुकानात तीन वर्षांपासून त्यांची मुलगी स्वप्नाली बसत होती. गिऱ्हाईक नसलं की ती काउंटरखालून लॅपटॉप काढायची आणि समुद्राचं काम करायची. गावात सगळे तसंच म्हणायचे, 'समुद्राचं काम'. ते काम करणाऱ्या पोरीनं समुद्र एकदाही बघितलेला नव्हता, हे मात्र फक्त घरच्यांना आणि प्रियदर्शनीला माहीत होतं.

प्रियदर्शनी ही धारूरच्या घाटाखालच्या वाडीतली. आईवडील ऊसतोडीला जाणारे, त्यामुळं पोरगी पाचवीपासून वसतिगृहात वाढलेली. संभाजीनगरला एमएस्सीला दोघी एका खोलीत आल्या आणि दोन वर्षं एकाच ताटात जेवल्या. स्वप्नाली तिला दर्शनी म्हणायची. दर्शनी ऊसतोडीवाल्याची, स्वप्नाली दुकानदाराची. एकीला डबा घरून यायचा, दुसरीला कधीच नाही. पहिल्या आठवड्यात स्वप्नालीनं तिच्यापुढं शेंगाचटणीची बरणी सरकवली, त्यानंतर त्या बरणीवर कुणाचं नाव राहिलं नाही.

शेवटच्या वर्षाला गोव्यातल्या एका समुद्रसंशोधन संस्थेत दोन जागा निघाल्या. दोघींनी अर्ज केला, फोनवरच मुलाखत दिली, दोघींची निवड झाली. पणजीत भाड्याची खोली फोनवरूनच ठरली. कोण कोणत्या खिडकीशी झोपणार हेसुद्धा ठरलं. निघायला सहा दिवस उरले असताना धोंडप्पांना अर्धांगाचा झटका आला. उजवं अंग गेलं, बोलणं गेलं. आई गंगासागर त्यांच्या उशाशी बसली. दुकानात बसायला घरात दुसरं कुणी नव्हतं.

दर्शनी एकटी गेली. बस चौसाळ्यावरूनच जायची. बस फाट्यावर थांबली तेव्हा दर्शनी खिडकीतून म्हणाली, "अप्पाला बरं वाटलं की ये. मी जागा धरून ठेवते." तेव्हा दोघींनाही ते खरं वाटलं होतं.

अप्पांना बरं वाटायला फार दिवस लागले. काठी घेऊन अंगणापर्यंत चालता यायला दोन वर्षं गेली. शब्द एकेक करून परत आले, तेही तुटक. मधल्या काळात संस्थेनं एक काम बाहेर द्यायचं ठरवलं. बंगालच्या उपसागरात सोडलेल्या फ्लोटांची माहिती कॉलेजच्या मुलांना आणि शिक्षकांना बघता येईल असा डॅशबोर्ड बनवायचा होता. दर्शनीनं तिथल्या मॅडमना स्वप्नालीचं नाव सुचवलं. घरून करता येण्यासारखं काम होतं. स्वप्नालीनं ऐकलं आणि हो म्हणायला क्षणही घेतला नाही.

फ्लोट म्हणजे माणसाच्या उंचीचं एक पिवळं नळकांडं. जहाजावरून समुद्रात सोडलं की ते आपोआप एक हजार मीटर खाली जातं, नऊ-दहा दिवस प्रवाहाबरोबर वाहतं, मग दोन हजार मीटरपर्यंत बुडी मारतं आणि वर येता येता पाण्याचं तापमान आणि खारटपणा मोजतं. वर आलं की उपग्रहाला सगळं सांगतं आणि पुन्हा बुडतं. चार-पाच वर्षं हेच. स्वप्नालीच्या पडद्यावर असं एकेक नळकांडं म्हणजे नकाशावरचा एक ठिपका होता. ठिपक्यावर बोट ठेवलं की त्याच्या आजवरच्या बुड्यांचा आलेख उघडायचा.

पहिला आलेख काही जमला नव्हता. तिनं तयार मिळालेला साचा वापरला होता. त्यात खोली डावीकडून उजवीकडं जात होती. मॅडम फोनवर म्हणाल्या, "स्वप्नाली, बरोबर आहे गं सगळं, पण मुलांना समजणार नाही." काय समजणार नाही ते त्यांनाही धड सांगता येईना.

ते सांगितलं मुंजाजीनं. मुंजाजीची बोअरची गाडी होती आणि केसिंग पाईप तो धोंडप्पांकडूनच न्यायचा. त्या दिवशी पाईप मोजायला माणसं लावून तो काउंटरवर रेलला आणि लॅपटॉपकडं मान वाकडी करून बघू लागला.

"हे काय म्हणायचं, ताई?"

"समुद्र हाय. इथं वरचं पाणी, अन् हिकडं दोन हजार मीटर खोल."

"दोन हजार मीटर म्हंजी फूट किती?"

"साडेसहा हजार."

मुंजाजी सरळ उभा राहिला. "अन् पाणी कुठवर?"

"खालपर्यंत पाणीच."

"आमी सातशे फूट जातो अन् फुफाटा काढतो," तो आपल्या माणसाकडं वळून म्हणाला, "ऐकलं का बे? साडेसहा हजार फूट नुसतं पाणी. तिथं आपली गाडी नेली तर उपाशी मरू." मग पुन्हा पडद्याकडं बघून म्हणाला, "पण ताई, हे आडवं कावून निजवलंय? खोली खाली जाती का बाजूला?"

स्वप्नाली हसली, पण हसता हसता थांबली.

"मी शेतकऱ्याला काय सांगतो," मुंजाजी हात वरून खाली नेत म्हणाला, "पहिल्या रॉडला माती, चौथ्याला मुरूम, दहाव्याला काळा पत्थर. त्यो माझ्या हाताकडं बघतो अन् समजतो. तुमी बी तसं करा. बोट खाली न्यायचं अन् तिथं काय हाय ते दिसायचं."

तिनं तसंच केलं. पुढचे बारा दिवस ती त्याच्यातच होती. बोट पडद्यावर ठेवून खाली ओढलं की शेजारी तापमानाचा आकडा बदलत जायचा, वर अठ्ठावीस, मग वीस, दहा, आणि तळाशी तीनच्या आसपास. रंगही निळ्यावरून गडद होत जवळजवळ काळा व्हायचा. मोबाईलवर ते आधी अडकायचं, बोट खाली नेलं की अख्खं पान सरकायचं. एक दिवस दुपारी ते अडकणं सुटलं. तिनं फोन अप्पांच्या डाव्या हातात दिला. अप्पांनी अंगठा खाली ओढला, पुन्हा वर नेला, पुन्हा खाली ओढला.

"गार," ते म्हणाले.

"हो अप्पा. खाली लई गार असतं."

नोव्हेंबरच्या शेवटी दर्शनी चौदा नवे फ्लोट घेऊन जहाजावर चढली. पाच आठवडे जहाजावरून फोन लागणार नव्हता. संस्थेची कामाची ईमेल तेवढी दिवसातून एकदा जायची. प्रत्येक फ्लोट सोडला की एक तक्ता भरून पाठवायचा असायचा, त्यात फ्लोटचा क्रमांक, तारीख, वेळ, अक्षांश, रेखांश, वारा आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. तो तक्ता आपोआप स्वप्नालीच्या यंत्रणेत येऊन पडायचा आणि नकाशावर नवा ठिपका उमटायचा.

पहिल्या तक्त्याच्या शेऱ्यात लिहिलं होतं, 'समुद्र शांत. फ्लोट व्यवस्थित बुडाला.' दुसऱ्यात, 'समुद्र शांत. मला उलट्या.' स्वप्नालीनं ते तीनदा वाचलं. तिसऱ्यात होतं, 'इथं डाळीत साखर घालतात. तुझ्या आईच्या हातची आमटी दे.'

तेव्हापासून स्वप्नालीचा दिवस ठिपक्यावर चालू लागला. सकाळी दुकानाचं शटर वर केलं की आधी नकाशा. दर्शनी आता कुठं आहे हे तिला अक्षांश-रेखांशासकट माहीत असायचं, तीन वर्षांत कधी नव्हतं इतकं नेमकं. मध्ये बेंड, टी, सॉकेट असले पाइपांचे जोड मागणारे येत राहायचे. ती उठून द्यायची, परत येऊन बसायची. उत्तर मात्र देता येत नव्हतं. तक्ता तिकडून इकडं यायचा. इकडून तिकडं जायला त्यात रकाना नव्हता. ती मनातल्या मनात उत्तरं देत बसायची. 'आई आमटी करते, तू ये तर खरी.' 'उलट्या होतात तर लिंबू चोख.' 'मी पण तिथं असते तर डोकं धरलं असतं तुझं.'

सातव्या ठिपक्यानंतर नवा ठिपका आला नाही. एक दिवस गेला, दोन गेले. तिनं आधी स्वतःचं काम तपासलं. कुठं काही तुटलं नव्हतं. चौथ्या दिवशी तिनं एका गिऱ्हाइकाला अडीच इंचीच्या जागी दोन इंची पाईप दिला. पाचव्या दिवशी मॅडमना फोन करायला हात पुढं गेला आणि थांबला; कोणत्या नात्यानं विचारायचं? सहाव्या दिवशी आठवा ठिपका उमटला. शेरा होता, 'एका खलाशाला बरं नव्हतं, जहाज बंदरावर नेलं होतं. उशीर झाला. घाबरली असशील.' स्वप्नाली दुकानात मागं गेली, पाइपांच्या चळतीआड उभी राहिली आणि पदरासारखी ओढणी तोंडाला लावून रडली.

हे शेरे लोकांना दिसायला नकोत म्हणून तो रकाना झाकायचा, हे तिनं ठरवलेलं होतं. तेवढंच राहून गेलं. दहावा फ्लोट सोडला त्या दिवशी मॅडम व्हिडिओवर डॅशबोर्ड तपासत होत्या. त्यांनी नकाशावरच्या नव्या ठिपक्यावर बाण नेला आणि चौकट उघडली. तारीख, वेळ, वारा, आणि खाली मराठीत, 'लई आठवण येती.'

मॅडमनी बाण तिथंच ठेवला.

"हा शेरा फ्लोटबद्दल नाही वाटत," मॅडम म्हणाल्या.

"मी झाकते मॅडम. आत्ता झाकते. चूक झाली."

"लोकांपासून झाक," मॅडम म्हणाल्या. "मूळ तक्त्यातून पुसू मात्र नकोस. नोंद ती नोंद."

दर्शनी जानेवारीत परतली आणि तिला दहा दिवसांची सुट्टी मिळाली. वाडीतल्या घराला कुलूप होतं. आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला गेले ते उन्हाळ्यातच येणार. म्हणून ती आधी त्यांना भेटायला साखर कारखान्याच्या भागात गेली आणि तिथून चौसाळ्याला आली. फाट्यावर बसमधून उतरली ती वाळलेली, काळवंडलेली, केस मानेपर्यंत कापलेले. स्वप्नालीनं तीन वर्षं मनात या क्षणाचं चित्र रंगवलं होतं. त्यात त्या एकमेकींना मिठी मारून खूप बोलत होत्या. प्रत्यक्षात दर्शनी म्हणाली, "बॅग धर जरा," आणि दोघी मुकाट्यानं घरापर्यंत चालत आल्या.

जेवायला बसल्यावर ती बोलू लागली. आईनं समोर आमटी, ज्वारीची भाकरी आणि ठेचा ठेवला होता.

"आईला भेटले उसाच्या फडावर," दर्शनी म्हणाली. "ट्रक भरायचा होता. ती थांबलीच न्हाई. मी बांधावर बसले, ती मोळ्या बांधत बांधत बोलली. मला विचारती, दर्या केवढा असतो? मी म्हणलं, लई मोठा. तर म्हणती, ह्या फडापेक्षा? मी काय सांगू?"

"तुझ्या आईला घेऊन जा की एकदा," गंगासागर म्हणाल्या.

"म्हणले होते. पट्टा पडला, कारखाना बंद झाला की बघू म्हणती. दरसाल तेच म्हणती."

दुसऱ्या दिवशी दुकानात नवा माल आला होता. दोघी मिळून बेंड आणि सॉकेट आकाराप्रमाणं लावत होत्या. दर्शनी अचानक म्हणाली, "मला जर्मनीला बोलावलंय. पीएचडीला. चार वर्षं."

"कधी?"

"फेब्रुवारीच्या शेवटी."

"चांगलं झालं," स्वप्नाली म्हणाली. खरंच चांगलं झालं होतं. तिनं हातातले चार बेंड सॉकेटच्या पेटीत टाकले.

"ऐक ना. माझी जागा रिकामी होतीय. मॅडमला मी तुझं नाव सांगितलंय. त्या तयार हायत. अप्पा आता चालतात. तू जाऊ शकती."

स्वप्नाली पेटीतून बेंड परत वेचू लागली. वेचता वेचता तिचा हात थांबला.

"तू तिथं नसताना?"

"अगं, तुलाच जायचं होतं ना? तीन वर्षं समुद्र समुद्र करतीस..."

"मला समुद्राशी काय करायचंय!" स्वप्नाली इतक्या जोरात बोलली की बाहेर बाकड्यावर बसलेले अप्पा वळून बघू लागले. "मला तू जिथं हाय तिथं यायचं होतं. तुला कधी कळलंच न्हाई?"

दर्शनीनं हातातलं सॉकेट खाली ठेवलं.

"कळत होतं," ती म्हणाली. "म्हणून तर त्या बसनंतर मी तुला एकदा बी 'ये' म्हणले न्हाई. मी हाक मारली असती तर तू अप्पाला टाकून आली असतीस. मग मला कधी तुझ्याकडं धड बघता आलं नसतं. तक्त्यात लिहायचे. वाटायचं, एवढं लिहिलं तर चालतंय. त्याच्यानं कुणी घर सोडत न्हाई."

हायवेवरून उसाचे ट्रॅक्टर गेले, त्यांच्या मागं एसटी गेली.

मग काठी टेकल्याचा आवाज आला. अप्पा उंबऱ्यापर्यंत आले होते. चौकट धरून त्यांनी आधी लेकीकडं बघितलं, मग दर्शनीकडं. शब्द जुळवायला त्यांना नेहमीसारखा वेळ लागला.

"दोघी," ते म्हणाले. "दोघी जा."

डॅशबोर्ड लोकांसाठी खुला करायचा कार्यक्रम पुढच्या आठवड्यात गोव्यात होता आणि मॅडमनी स्वप्नालीला बोलावलेलं होतं. तिनं येणं जमणार नाही असं कळवून टाकलं होतं. ते तिनं मागं घेतलं. गंगासागर म्हणाल्या, "चार दिवस दुकान मी बघते. कोणतं सामान कुठं हाय तेवढं दाखवून जा." मुंजाजीनं सकाळ-संध्याकाळ चक्कर मारायचं कबूल केलं.

कार्यक्रम साधाच झाला. संस्थेच्या हॉलमध्ये साठ-सत्तर मुलं होती. भाषणं चालू असतानाच त्यांनी फोन काढले आणि बोटं खाली ओढायला सुरुवात केली. एक मुलगी शेजारणीला म्हणाली, "खाली बघ, तीन डिग्री!" स्वप्नाली मागच्या रांगेत बसली होती. टाळ्या वाजल्या तेव्हा दर्शनीनं कोपरानं ढोसून तिला उभं केलं.

चार वाजता दोघी किनाऱ्यावर गेल्या. उतारावरून जाताना स्वप्नालीला तो आधी ऐकू आला. मग झाडं संपली. ती चपला काढायच्या विसरली आणि तशीच घोट्याएवढ्या पाण्यात जाऊन उभी राहिली. किती तरी दिवस तिनं समुद्राच्या पाण्याचे आकडे हाताळले होते; पण ते हलतं, सारखं हलतं, एक क्षण थांबत नाही, हे कुठल्याच आकड्यात नव्हतं. पायाखालची वाळू सरकली तशी ती दचकून दर्शनीचा हात धरायला वळली.

दर्शनी समुद्राकडं पाठ करून उभी होती. ती स्वप्नालीचा चेहरा बघत होती.

"तू बघ की तिकडं," स्वप्नाली म्हणाली.

"मी लई बघितला. पहिल्यांदा बघितला तेव्हा शेजारी कुणीच नव्हतं. सांगायला तोंड उघडलं अन् मिटलं." तिनं हात धरला. "आज बघू दे मला."

अंधार पडायच्या आत त्या परतल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमनी जागेबद्दल विचारलं तेव्हा स्वप्नाली म्हणाली, "जूनपासून येते. दुकानाचं काही तरी लावून." बोलून झाल्यावर आपण हे दर्शनीसाठी बोललो की स्वतःसाठी, याचा तिनं विचार केला, पण तिला ते सांगता आलं नाही.

पणजीच्या स्टँडवर सोलापूरची गाडी लागली तेव्हा दर्शनीनं तिला खिडकीची जागा धरून दिली आणि खाली उतरून काचेपाशी उभी राहिली. गाडी निघेपर्यंत त्या किरकोळ गोष्टी बोलत राहिल्या, पाण्याची बाटली घेतली का, सोलापूरला उतरल्यावर आईला फोन कर. गाडी हलली तशी दर्शनी चार पावलं बरोबर चालली, मग थांबली.

फेब्रुवारीच्या शेवटी ती जर्मनीला गेली. गंगासागरांनी मुंजाजीच्या पुतणीला, करिष्माला, दुकानात मदतीला घेतलं आणि जूनमध्ये स्वप्नाली खरंच गोव्याला रुजू झाली. काम चांगलं चाललं आहे. मॅडम नव्या मोहिमेवर तिला जहाजावर पाठवायचं म्हणतात. अप्पा फोनवर आता पूर्ण वाक्य बोलतात, "जेवलीस का? काय जेवलीस?" दर्शनीचा फोन रविवारी येतो, तिच्याकडं दुपार असते तेव्हा इकडं दिवस कलत आलेला असतो. ती विचारते, "आज गेली होतीस का किनाऱ्यावर?"

खोलीपासून किनारा वीस मिनिटांवर आहे. ऑफिसच्या पोरी शनिवारी बोलावतात, तेव्हा स्वप्नाली त्यांच्याबरोबर जाते. एकटी मात्र अजून गेलेली नाही.